नासलेले दूध आणि नासविलेले दूध



दुपारी चारच्या सुमारास दारात पाहुणे उभे राहावेत आणि नेमके त्याच वेळी आधणावरचे दूध फुटावे, याहून गृहिणीला संकोचात पाडणारा प्रसंग क्वचितच असेल. आमच्या छत्रपती संभाजीनगरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर चढला, म्हणजे दूध फुटण्याचा प्रसंग घरोघर येतो. परंतु तेच दूध आपण जाणूनबुजून फोडले, तर त्यातून पाहुण्यांपुढे मानाने ठेवावा असा पदार्थ निघतो. या दोहोंतील भेद आज सांगावयाचा आहे.

दुधात केसीन नावाचे प्रथिन अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने तरंगत असते. आम्लाचा संसर्ग होताच ते कण एकमेकांस बिलगतात, स्निग्धांशास आपल्यात धरून ठेवतात आणि पाणी निराळे होते. उन्हाने फुटलेल्या दुधातील आम्ल जंतूंनी निर्माण केलेले असते, आणि ते जंतू कोणते हे आपणांस ठाऊक नसते. म्हणून अशा दुधाचे पनीर पाहुण्यांस देऊ नये. लिंबाचे आम्ल मात्र सर्वस्वी आपल्या हातचे.

म्हशीचे १ लिटर ताजे दूध उकळून खाली उतरावे. दोन-तीन मिनिटांनी दोन मोठे चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घालीत जावे व हलक्या हाताने ढवळावे. निवळी हिरवट व नितळ दिसू लागली की तत्क्षणी थांबावे. रस अधिक झाला तर पनीर आंबट व कठीण होते. ओल्या मलमलीतून गाळून थंड पाण्याने धुवावे आणि अर्धा तास वजनाखाली दाबून ठेवावे. सुमारे २०० ग्रॅम पनीर मिळते. गाईच्या दुधाचे थोडे कमी, पण अधिक मऊ होते. निवळी टाकू नये. तिने कणीक उत्तम भिजते.

चीज म्हणजे केवळ परदेशी वस्तू, असे मानण्याचे कारण नाही. मुंबई-सुरतेकडील पारशी कुटुंबांत रेनेटने दूध गोठवून टोपलीतले मऊ पनीर करतात. आणि पाडव्याच्या श्रीखंडासाठी आपण दही टांगून जो चक्का करतो, तोही ताज्या चीजचाच सख्खा भाऊ होय. फक्त त्यात साखरेऐवजी मीठ घालावयाचे.

आता पाहुण्यांचे ताट. पनीरचे लहान चौकोन करून त्यांवर मीठ, भरड मिरे व भाजलेले जिरे भुरभुरावे. चक्क्यात वाटलेला लसूण, कोथिंबीर व मीठ कालवून सुपारीएवढे गोळे करावे आणि ते भाजलेल्या जवसाच्या भरडीत घोळावे. ज्वारीच्या शिळ्या भाकरीचे तुकडे तव्यावर कडक करून, त्यांवर हाच चक्का लावून वर मिरचीचा एकेक काप ठेवला, म्हणजे मराठवाड्याची चव आपोआप येते.

दोन पथ्ये मात्र पाळावी. चक्का उन्हाळ्यात उघड्यावर न टांगता शीतकपाटातच चाळणीत निथळत ठेवावा. तसेच हे पदार्थ त्याच दिवशी करावे, पाहुणे बसल्यावरच बाहेर काढावे आणि तास-दीड तासात संपवावे.

प्रथम अर्ध्या लिटरवर हात बसवावा. निवळी केव्हा नितळ झाली, हे घड्याळ सांगत नाही. ते डोळ्यांनीच शिकावे लागते.