बायबलमधील दिवसाचा आरंभ : सूर्योदय की सूर्यास्त?

‘दिवस’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी वापरला जातो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा उजेडाचा काळ हा त्याचा एक अर्थ. उजेड आणि रात्र मिळून होणारे अहोरात्र हा दुसरा. हिब्रू भाषेतील ‘योम’ या शब्दाची स्थिती हीच आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील पाचव्या वचनात तर हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. तेथे प्रथम प्रकाशाला ‘योम’ हे नाव दिले जाते आणि लगेच पुढे संपूर्ण अहोरात्रासाठीही तोच शब्द योजला जातो. उजेडाच्या दिवसाचा आरंभ कुठे होतो याविषयी वाद संभवत नाही. अहोरात्राचा आरंभ कुठे मानावा, हा खरा प्रश्न आहे. यहुदी समाज आजही शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासून पाळतो. त्यामुळे बायबलमधील दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, असे सर्रास सांगितले जाते. मूळ पाठ बारकाईने पाहिले असता हे विधान सरसकट टिकत नाही.

हा प्रश्न केवळ कालगणनेच्या अभ्यासकांचा नाही. वल्हांडणाचे भोजन कोणत्या तारखेचे, येशूचे अखेरचे भोजन आणि त्याचा मृत्यू एकाच दिवशी घडले की दोन, कथनात आलेल्या ‘उद्या’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, अशा अनेक ठिकाणी अर्थनिर्णय या प्रश्नाशी बांधलेला आहे. दिवसारंभाविषयी प्राचीन जगात एकमत नव्हते, हेही ध्यानात घ्यावयास हवे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी याने नोंदविले आहे की, बाबिलोनी लोक दिवस सूर्योदयापासून, अथेन्सचे लोक सूर्यास्तापासून, उम्ब्रियाचे लोक माध्यान्हापासून आणि रोमन पुरोहित मध्यरात्रीपासून मोजतात. बाबिलोनी लोकांविषयीची त्याची माहिती आजच्या संशोधनाला मान्य नाही. पण दिवसारंभ ही निसर्गाने दिलेली गोष्ट नसून समाजाने केलेली निवड आहे, हे त्या नोंदीवरून स्पष्ट होते.

निर्मितीकथेतील क्रम

सूर्यास्ताच्या बाजूने पहिला पुरावा म्हणून उत्पत्तीचा पहिला अध्याय पुढे केला जातो. तेथे प्रत्येक दिवसाच्या अखेरीस आधी ‘एरेव’ म्हणजे संध्याकाळ आणि मग ‘बोकेर’ म्हणजे सकाळ यांचा उल्लेख येतो. संध्याकाळ आधी, म्हणून दिवसही संध्याकाळी सुरू, असा हा युक्तिवाद आहे. प्रकाश निर्माण होण्यापूर्वी अंधार होता, हे दुसरे वचनही त्याच्या पुष्टीसाठी दाखविले जाते.

या युक्तिवादात दोन अडचणी आहेत. पहिली शब्दार्थाची. ‘एरेव’ म्हणजे रात्र नव्हे आणि ‘बोकेर’ म्हणजे उजेडाचा सारा काळ नव्हे. रात्रीसाठी ‘लायला’ हा स्वतंत्र शब्द त्याच वचनात आलेला आहे. संध्याकाळ आणि सकाळ ही दोन सीमास्थाने आहेत. त्यांची बेरीज करून पूर्ण दिवस होत नाही. दुसरी अडचण व्याकरणाची. येथे वापरलेले क्रियारूप हिब्रू कथनात एकापाठोपाठ एक घडणाऱ्या घटनांसाठी येते. परमेश्वराने प्रकाश निर्माण केला, प्रकाश व अंधार वेगळे केले, त्यांना नावे दिली. त्यानंतर संध्याकाळ झाली आणि त्यानंतर सकाळ झाली, असा हा क्रम आहे. या वाचनानुसार निर्मितीचे काम उजेडात होते, संध्याकाळी थांबते आणि पुढच्या सकाळी एक दिवस पुरा होतो. म्हणजे ज्या वचनावर सूर्यास्ताचा पक्ष उभा आहे, तेच वचन सकाळपासूनच्या मोजणीशीही जुळते.

केवळ शब्दक्रमावरून निष्कर्ष काढणे किती धोक्याचे असते, याचा दाखला मराठी भाषेतच आहे. मराठी माणूस ‘रात्रंदिवस’ म्हणतो तेव्हा रात्र आधी येते आणि ‘दिवसरात्र’ म्हणतो तेव्हा दिवस; परंतु पंचांगातील वार दोन्ही प्रसंगी सूर्योदयालाच बदलतो. हिब्रूतही हे दोन्ही क्रम आढळतात.

व्यवहारातील मोजणी

कथनपर भागांत दिवस सकाळपासून मोजल्याचे अनेक दाखले मिळतात. उत्पत्तीच्या १९व्या अध्यायात लोटाची थोरली मुलगी धाकटीशी बोलताना आदल्या रात्रीचा उल्लेख करते. हे बोलणे दुसऱ्या दिवशी झाले, असे निवेदक सांगतो. दिवस सूर्यास्ताला बदलत असता तर ती रात्र आणि तिच्यामागून आलेली सकाळ एकाच दिवसाचे भाग ठरले असते आणि ‘दुसरा दिवस’ म्हणण्याचे कारण उरले नसते. १ शमुवेलच्या १९व्या अध्यायात मीखल आपला पती दावीद याला आज रात्रीच जीव वाचविण्यास सांगते, नाहीतर उद्या मरण ओढवेल असे बजावते. येथेही चालू रात्र ‘आज’मध्ये मोडते आणि ‘उद्या’ उजाडल्यावर येतो.

यज्ञविधीतही हीच मोजणी दिसते. लेवीय ७:१५ प्रमाणे उपकारस्तुतीच्या यज्ञाचे मांस अर्पणाच्या दिवशीच खावयाचे असते आणि त्यातील काही सकाळपर्यंत उरू द्यावयाचे नसते. म्हणजे दिवसामागून येणारी रात्र त्याच दिवसाची धरली आहे.

पर्वकाळाची मोजणी

याउलट काही पर्वांचा आरंभ स्पष्टपणे संध्याकाळी सांगितलेला आहे. यातील सर्वांत महत्त्वाचे स्थळ लेवीय २३:३२. प्रायश्चित्ताचा दिवस सातव्या महिन्याच्या दहाव्या तारखेला येतो आणि तो एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पाळावा, अशी आज्ञा आहे. मात्र उपास ज्या संध्याकाळी सुरू करावयाचा, तिला हे वचन नवव्या तारखेची संध्याकाळ म्हणते. दिवस सूर्यास्ताला बदलतो हे सर्वांना गृहीत असते, तर ती संध्याकाळ दहाव्या तारखेचीच ठरली असती आणि कालमर्यादा वेगळी सांगण्याची गरजही भासली नसती. सूर्यास्ताचा प्रमुख पुरावा मानले जाणारे वचन असे दुहेरी साक्ष देते. पर्व संध्याकाळी सुरू होते, पण ती संध्याकाळ तारखेने आदल्या दिवसाची आहे.

बेखमीर भाकरीच्या सणाचेही असेच आहे. निर्गम १२:१८ मध्ये हा सण पहिल्या महिन्याच्या चौदाव्या तारखेच्या संध्याकाळपासून एकविसाव्या तारखेच्या संध्याकाळपर्यंत सांगितला आहे. गणना ३३:३ प्रमाणे इस्राएल लोक वल्हांडणाच्या दुसऱ्या दिवशी, पंधराव्या तारखेला, मिसर देशातून निघाले. वल्हांडणाची रात्र येथे चौदाव्या तारखेला जोडलेली दिसते.

हिब्रू विद्वान उंबेर्तो कासुतो (१८८३–१९५१) यांनी उत्पत्तीवरील आपल्या भाष्यात हीच उपपत्ती मांडली. त्यांच्या मते बायबलमध्ये दिवस सकाळीच सुरू होतो. सण आणि पवित्र दिवस यांच्या बाबतीत मात्र आदल्या रात्रीचाही अंतर्भाव करण्याची आज्ञा आहे. फ्रेंच अभ्यासक रोलाँ द व्हो (१९०३–१९७१) यांनी हा भेद काळाच्या अंगाने पाहिला. राजेशाहीच्या अखेरीनंतर आणि नहेम्याच्या काळापूर्वी सकाळची मोजणी मागे पडून संध्याकाळची रूढ झाली, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या बदलाची पार्श्वभूमी समजण्याजोगी आहे. चांद्रमास नव्या चंद्रकोरीच्या दर्शनाने सुरू होतो आणि ती कोर सूर्यास्तानंतरच पश्चिमेला दिसते. महिना संध्याकाळी सुरू होत असेल, तर महिन्याचा पहिला दिवसही संध्याकाळी सुरू करणे स्वाभाविक ठरते. बाबिलोनी पंचांगात हीच पद्धत होती आणि बंदिवासानंतर यहुद्यांनी बाबिलोनी महिन्यांची नावे स्वीकारली, हे सर्वज्ञात आहे.

संध्याकाळचे वर्चस्व

इ. स. पूर्व ४४५मध्ये यरुशलेमेस आलेल्या नहेम्याच्या वृत्तान्तात (१३:१९) शब्बाथापूर्वी नगराच्या वेशींवर अंधार पडू लागताच दरवाजे बंद करण्याचा हुकूम आहे. मृत समुद्राकाठच्या पंथाशी निगडित ‘दमास्कस लेखा’तही सहाव्या दिवशी सूर्यबिंब मावळतीजवळ आले की काम थांबविण्याचा नियम आढळतो. पहिल्या शतकातील इतिहासकार जोसीफस सांगतो की, शब्बाथाचा आरंभ व शेवट मंदिराच्या आवारातून तुतारी फुंकून जाहीर केला जाई. १९६८मध्ये बेंजामिन माझार यांच्या उत्खननात मंदिराच्या टेकडीच्या नैर्ऋत्य कोपऱ्याशी तुतारीच्या जागेचा उल्लेख असलेला कोरीव दगड सापडला. जोसीफसच्या वर्णनाशी त्याचा मेळ बसतो.

पुढे रब्बींच्या परंपरेने संध्याकाळचा नियम पक्का केला. तरीही जुन्या भेदाची जाणीव तिने जपली. मिश्नाच्या ‘हुल्लिन’ या प्रकरणात जनावर आणि त्याचे पिल्लू एकाच दिवशी मारू नये या आज्ञेची चर्चा आहे. तेथे निर्मितीकथेचा आधार घेऊन दिवस रात्रीमागून येतो, असे ठरविले आहे. तालमूद मात्र यज्ञाच्या मांसाबाबत रात्र दिवसामागून येते, हेही मान्य करते.

बाराव्या शतकात हा वाद पुन्हा उफाळला. उत्तर फ्रान्समधील भाष्यकार रशबाम याने निर्मितीकथेचा सरळ अर्थ लावताना पहिला दिवस सकाळी पुरा झाला, असे लिहिले. पाठात ‘रात्र व दिवस’ असे न म्हणता ‘संध्याकाळ व सकाळ’ असे म्हटले आहे, यावर त्याचा भर होता. या स्वरूपाच्या अर्थामुळे लोक शुक्रवारच्या रात्री शब्बाथ मोडतील, अशी धास्ती अब्राहम इब्न एझ्रा याला वाटली. ११५८मध्ये इंग्लंडात असताना त्याने ‘शब्बाथाचे पत्र’ लिहून त्याचे खंडन केले. वास्तविक रशबामने आचार बदलावा असे सुचविले नव्हते. शब्दाचा सरळ अर्थ आणि परंपरेचा आचार या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, ही त्याची भूमिका होती; इब्न एझ्राला मात्र अर्थ बदलला की आचारही ढळेल, ही भीती होती. एका अव्ययाच्या आणि क्रियारूपाच्या अर्थावर समाजाचे आचारजीवन कसे अवलंबून असते, याचे हे बोलके उदाहरण होय.

शुभवर्तमाने आणि भाषांतराचा प्रश्न

नव्या करारात दोन्ही पद्धती शेजारी नांदतात. मार्क १:३२ मध्ये सूर्य मावळल्यावर लोक रोग्यांना येशूकडे आणतात. शब्बाथ संपला हे त्यातून सूचित होते. उलट प्रेषितांची कृत्ये ४:३ मध्ये संध्याकाळ झाली म्हणून पेत्र व योहान यांना दुसऱ्या दिवसापर्यंत अटकेत ठेवले जाते. तो दुसरा दिवस म्हणजे पुढची सकाळ.

येशूच्या अखेरच्या भोजनाविषयीचा पेच प्रसिद्ध आहे. पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार ते वल्हांडणाचे भोजन होते. योहान १८:२८ नुसार दुसऱ्या दिवशी सकाळी यहुदी पुढाऱ्यांचे वल्हांडणाचे भोजन अजून व्हावयाचे होते. हॅरॉल्ड होनर यांनी १९७७मध्ये असे सुचविले की, गालीलकर सूर्योदयापासून आणि यहुदीयाचे रहिवासी सूर्यास्तापासून दिवस मोजत असावेत. कल्पना आकर्षक असली तरी प्रदेशानुसार अशी विभागणी होती, असे सांगणारा स्पष्ट लिखित आधार नाही. दोन पद्धती अस्तित्वात होत्या एवढ्यावरून त्या हव्या तेथे लावून विसंगती मिटविता येत नाही.

भाषांतरकारापुढील अडचण अधिक सूक्ष्म आहे. लूक २३:५४ मध्ये शुक्रवारच्या सायंकाळी शब्बाथ लागत असल्याचे सांगताना ग्रीक लेखकाने मूळ ‘उजाडणे’ अर्थाचे क्रियापद वापरले आहे. मत्तय २८:१ मध्ये तेच क्रियापद आठवड्याच्या पहिल्या दिवसासाठी येते आणि तेथे बहुतेक भाषांतरकार पहाटेचा अर्थ घेतात. मराठीत ‘उजाडणे’ म्हटले की सूर्योदयच डोळ्यांपुढे उभा राहतो. ‘लागणे’ म्हटले की पंचांगातील तिथी किंवा पर्व आठवते. शब्दाच्या या निवडीतच भाषांतरकाराने दिवसारंभाविषयी निर्णय घेतलेला असतो.

मराठी समाजाला ही दुहेरी मोजणी अपरिचित नाही. कोकणातील बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव पडले. शेजाऱ्यांच्या हिशेबी त्यांची विश्रांती शनिवारची होती. यहुदी नियमाप्रमाणे ती शुक्रवारच्या दिवेलागणीलाच सुरू होते. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेत दिवस सामान्यतः मध्यरात्रीपासून मोजला आहे, पण रविवारच्या मिस्साचे कर्तव्य शनिवारच्या सायंकाळीही पार पाडता येते. मराठी घरातही वार सूर्योदयाला, तारीख मध्यरात्री आणि तिथी चंद्राच्या गतीनुसार कोणत्याही वेळी बदलते. त्यामुळे व्यवहार अडत नाही.

तेव्हा ‘सूर्योदय की सूर्यास्त’ हा प्रश्न बायबलला एकच उत्तर मागतो, तेथेच तो चुकतो. व्यवहाराचा आणि कथनाचा दिवस मुख्यतः सकाळी सुरू होतो. पर्वाचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. आणि बंदिवासोत्तर काळात पर्वाची मोजणी हळूहळू दिनदर्शिकेचा सर्वसाधारण नियम बनते. म्हणून प्रत्येक स्थळी आधी पाहावयाचे ते हे की, बोलणारा प्रवासाला निघालेला आहे, यज्ञाचे मांस वाटतो आहे, की सणाची वेळ सांगतो आहे. त्यानंतरच ‘आज’ आणि ‘उद्या’ यांचा अर्थ ठरविणे सयुक्तिक ठरेल.