इंजिनचालकापुढील तबकड्या

गोंदियाकडून नागपूरकडे निघालेली आगगाडी वैनगंगेचा पूल ओलांडून प्रथम तुमसर रोड व नंतर भंडारा रोड स्थानकावर येते. हे दुसरे स्थानक नावाने भंडाऱ्याचे असले, तरी आहे मात्र वरठी गावी. गाडीचा वेग ताशी 108 किलोमीटर असेल, तर ती एका सेकंदात 30 मीटर पुढे जाते. चालकाने तबकडीकडे दोन सेकंद पाहिले, की तेवढ्यात 60 मीटर लोहमार्ग चाकांखालून सरलेला असतो. म्हणूनच चालकापुढील उपकरणाने काय सांगावे आणि किती सांगावे, हा प्रश्न प्रवाशांच्या प्राणांशी निगडित आहे.

1887 साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेची वाफेची इंजिने याच भागातून धावत. इंजिनातील एक काचेची नळी बाष्पपात्रातील पाण्याची पातळी दाखवी. ती अशा उंचीवर बसविलेली असे, की तिच्यात पाणी दिसत आहे तोवर भट्टीचे छत पाण्याखाली आहे असे खुशाल समजावे. पाणी दिसेनासे झाले, की छत उघडे पडून स्फोट होण्याचे भय! पात्रात किती घागरी पाणी उरले, हे ती नळी सांगत नसे. आत पाणी सोडावयाचे की नाही, एवढे मात्र तिच्याकडे पाहताच कळे. आणि चालकाला हवे असे तेही तेवढेच.

पुढे आलेली वेगाची तबकडी इतकी शहाणी नव्हती. काटा वेग दाखवी. तो अधिक की उणा, हे चालकाने बाहेरचा सिग्नल पाहून ठरवावयाचे. एक पिवळा दिवा दिसला, की पुढील सिग्नलाशी थांबण्याची तयारी ठेवावी लागते. नजरचूक होऊ नये म्हणून चालक व त्याचा सहायक सिग्नलाचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. परंतु धुके दाटले, की सिग्नल दिसतो तो अगदी जवळ आल्यावर. आणि कोळशाने भरलेली मालगाडी ब्रेक लावताच जागच्या जागी थोडीच थांबते?

भारतीय रेल्वेने 2020 साली राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेली आणि देशातील काही मार्गांवर बसविलेली 'कवच' यंत्रणा हीच उणीव भरून काढते. तिच्या पडद्यावर गाडीच्या वेगाबरोबरच त्या ठिकाणी चालणारा कमाल वेग, थांबण्याच्या जागेपर्यंतचे अंतर आणि येणाऱ्या सिग्नलाचा रंग दिसतो. चालकाने मनात करावयाचा हिशेब अशा रीतीने डोळ्यांपुढे मांडला जातो. ऊठसूट वाजणाऱ्या घंटेकडे माणूस लक्ष देईनासा होतो. म्हणून वेगाचा इशारा वाजतो तो मर्यादा ओलांडल्यावरच. तरीही चालकाने वेग आवरला नाही, तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते.