जोमोन मृद्भांडी

जोमोन मृद्भांडी ही जपानमधील प्रागैतिहासिक जोमोन काळात घडवलेली मातीची भांडी होत. जगातील सर्वांत प्राचीन मृद्भांड्यांमध्ये त्यांची गणना होते. आओमोरी प्रांतातील ओदाई यामामोतो येथे सापडलेली खापरे सुमारे १६,५०० वर्षांपूर्वीची मानली जातात. मृद्भांड्यांचा उगम शेतीबरोबर झाला, असा समज दीर्घकाळ रूढ होता. शिकार, मासेमारी व फळे-कंद गोळा करून जगणाऱ्या लोकांनी घडवलेल्या या भांड्यांमुळे तो मागे पडला.

नाव

अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स यांनी १८७७ साली तोक्योतील ओमोरी येथे शिंपल्यांच्या प्राचीन ढिगाऱ्याचे उत्खनन केले. तेथील खापरांवर दोरीचे ठसे आढळले. 'जोमोन' म्हणजे दोरीची नक्षी. या नक्षीवरून भांड्यांना आणि पुढे संपूर्ण कालखंडाला हे नाव मिळाले.

घडण

ही भांडी चाकाविना, हाताने घडवली जात. मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडे उभे करीत आणि ओल्या पृष्ठभागावर पिळाची दोरी फिरवून नक्षी उमटवीत. ती बंदिस्त भट्टीत न भाजता उघड्या जाळात, तुलनेने कमी तापमानाला भाजली जात. त्यामुळे ती सच्छिद्र राहत.

उपयोग

भांड्यांचा मुख्य उपयोग अन्न शिजवण्यासाठी होई. सुरुवातीची अनेक भांडी खोल असून त्यांचा तळ निमुळता किंवा गोल असे. अनेक खापरांच्या आतील बाजूस करपलेल्या अन्नाचा थर टिकून आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा थरांमधील स्निग्ध पदार्थांचे पृथक्करण केले असता, ते बहुतांशी मासे व इतर जलचरांचे असल्याचे दिसून आले. ओकच्या फळांमधील तुरट टॅनिन काढून ती खाण्याजोगी करण्यासाठीही उकळण्याचा उपयोग होई. काही भांड्यांत मृत अर्भकांचे दफन केल्याचे आढळते.

सुमारे ५,००० वर्षांपूर्वी, मध्य जोमोन काळात, निइगाता परिसरात ज्वाळांसारखे उंच काठ असलेली अलंकृत भांडी घडवली गेली. तोकामाची येथील सासायामा स्थळावरील अशी भांडी १९९९ साली 'राष्ट्रीय ठेवा' म्हणून घोषित झाली.

उत्तरकाळ

पुढील यायोई काळात भातशेतीचा प्रसार झाला. या काळातील भांड्यांवरील अलंकरण साधे झाले आणि साठवणीसाठी अरुंद मानेच्या घटांना महत्त्व आले. जपानमध्ये चुलीवरचे भांडे अशा प्रकारे धान्याच्या घटापूर्वी हजारो वर्षे वापरात होते.