बागेचे फाटक का झुकते?

मंडळी, भिंगारजवळ १४९० साली अहमद निजामशहाने बहामनी फौज हरवली आणि तिथे ‘बाग निजाम’ उभारली. आता बाग म्हटली की कुंपण आले, फाटक आले. आणि फाटक झुकले की शेळ्या आत शिरून वाफे फस्त करणारच!

फाटक झुकते ते नुसत्या खिळ्यांवर विसंबल्याने. लाकूड उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. खिळा मात्र तेवढाच राहतो आणि भोक सैल होते. म्हणून सांधा कुसवाचा करावा. आडव्या दांडीच्या टोकाला, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतके, कुसू म्हणजे जीभ काढावी. उभ्या दांडीत तेवढेच भोक पाडावे. कुसवातले मेखेचे छिद्र आतल्या खांद्याकडे अर्धे सूत सरकवावे. वाळलेल्या बाभळीची मेख ठोकताच सांधा आवळतो.

तिरपी पट्टी खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे चढवावी, म्हणजे भार बिजागरीवर उतरतो. उलटी लावली तर ती सांध्यातून ओढली जाते.

गुरुजी, वर्गात चार काड्यांची चौकट बांधा. दाबली की ती कलंडते. तिरपी काडी घातली की कलंडत नाही. त्रिकोणाचे बळ मुलांना तिथेच उमगेल.