पुरणयंत्र माळ्यावरच राहिलं

दरवर्षी दुसऱ्या प्रात्यक्षिकाला एक हात हमखास वर होतो. "मॅडम, काल पॅकेज टाकलं होतं. आज आर म्हणतंय, फंक्शन सापडत नाही." गेली बारा वर्षं मी संख्याशास्त्राच्या मुलांना आर ही संगणकभाषा शिकवतेय. पॅकेज म्हणजे तिला जोडायचा तयार फंक्शनांचा संच. या प्रश्नाचं उत्तर मी पुरणयंत्रावरूनच देते.

पुरणयंत्र आपण एकदाच विकत आणतो आणि माळ्यावर ठेवतो. होळी आली की खाली काढायचं, काम झालं की पुन्हा वर. पुढच्या सणाला नवं आणत नाही, पण खाली मात्र दरवेळी काढावंच लागतं. आरमध्ये 'इन्स्टॉल डॉट पॅकेजेस' ही आज्ञा म्हणजे खरेदी, तिला इंटरनेट लागतं. 'लायब्ररी' ही आज्ञा म्हणजे माळ्यावरून ओट्यावर, तिला इंटरनेट लागत नाही. आर बंद केलं की ओटा रिकामा होतो.

काय राहिलंय ते आरचा त्रुटीसंदेशच सांगतो. 'या नावाचं पॅकेज नाही' असं आलं तर बहुधा खरेदीच झालेली नाही, किंवा नावाचं स्पेलिंग चुकलंय; आरला लहान-मोठी अक्षरं वेगळी वाटतात. 'फंक्शन सापडलं नाही' असं आलं तर वस्तू बहुधा माळ्यावरच आहे.

कधी संदेश भलतीकडेच नेतो. एका मुलाकडे कांद्याच्या बाजारभावांची फाइल होती. ठरावीक भावाच्या वरच्या ओळी वेगळ्या काढायला त्याने 'फिल्टर' वापरलं आणि आरने सांगितलं, 'भाव' नावाचं काही सापडत नाही. बिचारा संध्याकाळभर फाइलच तपासत बसला. फाइल ठीक होती. त्याला हवं होतं डीप्लायर पॅकेजमधलं फिल्टर, पण ते तो लोड करायला विसरला होता. आरसोबत येणाऱ्या स्टॅट्स पॅकेजमध्येही फिल्टर आहे, ते कालश्रेणीसाठी. आरने निमूटपणे तेच चालवलं. म्हणून मी सांगते, फंक्शनच्या आधी पॅकेजचं नाव आणि दोन अपूर्णविराम लिहा. कुणाचं फिल्टर हवंय ते आरला नेमकं कळतं. लायब्ररीच्या ओळी फाइलच्या अगदी वर ठेवा. इन्स्टॉलची ओळ मात्र तिथे नको, नाहीतर दरवेळी नव्याने डाउनलोड सुरू होतं.

ही खरेदी होते ती क्रॅन या भांडारातून. आर ही भाषा जन्मली न्यूझीलंडमध्ये, ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांच्या हातून. तिचं भांडार मात्र दुसरीकडे उभं राहिलं: १९९७मध्ये कुर्ट हॉर्निक आणि फ्रीड्रिख लाइश यांनी व्हिएन्नात क्रॅन सुरू केलं. आज तिथे २०,००० हून जास्त पॅकेजेस आहेत आणि ती सगळी फुकट उतरवता येतात. मी खरेदी म्हणते खरी, पण पैसा एकही द्यावा लागत नाही. आलेख काढणारं जीजीप्लॉट२ पॅकेज मागितलं तर त्याला लागणारी बाकीची पॅकेजेसही आपोआप येतात. त्या वेळी पडद्यावर लाल अक्षरं धावतात आणि मुलं घाबरतात. घाबरू नका, वाचा. बहुतेक ती नुसती माहिती असते.

क्रॅनवरचं प्रत्येक पॅकेज कुणीतरी बसून लिहिलंय, आलेल्या तक्रारी वाचून दुरुस्त केलंय. आमच्याकडे येणाऱ्या प्रबंधांत आलेख जीजीप्लॉट२चे असतात आणि संदर्भसूचीत त्याचा पत्ता नसतो. मला हे खटकतं. आरमध्ये 'सायटेशन' लिहून कंसात अवतरणचिन्हांसह पॅकेजचं नाव दिलं की संदर्भ कसा द्यायचा ते समोर येतं. प्रबंध बांधायला टाकण्याआधी तेवढी एक ओळ चालवा आणि ती नावं सूचीत घाला.