कुत्र्याचे मागचे पाय अचानक गेले तर...

घरी कुत्रे पाळणाऱ्या आपल्या कुटुंबांना गोचीड, जुलाब, रेबिजची लस एवढे माहीत असते. पण सकाळी शेपूट हलवणारे जनावर संध्याकाळी मागचे दोन्ही पाय फरफटत आले, तर काय करायचे? 'कोणीतरी काठी मारली असेल', 'लचक भरली, हळद लावा' असे सल्ले चहूबाजूंनी येतात. या आजारात वेळ फार मोलाचा असतो. म्हणून आमच्या शेरूच्या निमित्ताने चार गोष्टी आपल्यापुढे ठेवतो.

शेरू सहा वर्षांचा, डॅशहुंड जातीचा. पाठ लांब, पाय आखूड. या जातीत मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच कडक होऊ लागतात. त्यामागे जन्मजात जनुकीय दोष असतो, हे २०१७ साली संशोधकांनी दाखवून दिले. अशी गादी एखाद्या साध्या उडीनेही फुटते आणि आतला ऐवज मज्जारज्जूवर दाबला जातो. उचलताना किंचाळणे, पाठ वाकवून थरथरणे, जिना चढायला नकार देणे ही आधीची लक्षणे. पुढे चाल झोकांडते, मग पाय लुळे पडतात आणि लघवी तुंबते.

अशा वेळी कुत्र्याला काखेत धरून उचलू नये. फळीवर किंवा ताणून धरलेल्या जाड चादरीवर आडवे ठेवून न्यावे. माणसांची आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी गोळी मुळीच देऊ नये. ती कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडाला घातक ठरते.

डॉक्टर चिमट्याने मागच्या पायाचे बोट जोरात दाबतात. नुसता पाय आखडला तर ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असते. कुत्र्याने वळून पाहिले, ओरडले किंवा चावायला आले, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोचते असे समजावे. वेदना शिल्लक असताना शस्त्रक्रिया झाली, तर दहापैकी सुमारे नऊ कुत्री पुन्हा चालतात. वेदना गेली असेल, तर निम्म्यांच्या आसपास. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारावा: "वेदना कळते का?" शेरूने मान वळवून दात दाखवले, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

खर्च आमच्या एका पगारात मावणारा नव्हता. अंदाज, मुक्कामाचे दिवस आणि औषधे धरून आम्ही तो कागदावर लिहून घेतला. मुलीच्या कॉलेजच्या फीला हात लावायचा नाही, हे आधी ठरवले. मग भिशी उचलली आणि उरलेले पतपेढीतून घेतले. "जनावरासाठी एवढा पैसा?" असे काहींनी विचारले. आम्हाला राग आला नाही. कष्टाच्या पैशाचा हिशेब व्हायलाच हवा. ज्यांना शस्त्रक्रिया परवडत नाही त्यांनीही अपराधी वाटून घेऊ नये. पाठ दुखते पण चालता येते, अशी बरीच कुत्री औषध आणि काही आठवड्यांच्या कडक विश्रांतीने सुधारतात. मात्र पाय पूर्ण गेले असतील तर निर्णय तासांत घ्यावा लागतो.

एमआरआयने जागा कळली. मणक्याच्या हाडाला बाजूने खिडकी पाडून डॉक्टरांनी फुटलेला ऐवज काढला. खरी परीक्षा पुढे होती. दोन खोल्यांचे घर, पाच माणसे आणि सहा आठवडे शेरूला पिंजऱ्यात ठेवायचे! आम्ही पाळ्या वाटल्या. रात्रपाळीहून आल्यावर पहाटेची लघवी आम्ही काढायची. मूत्राशय कसे दाबायचे हे दवाखान्यातच शिकून घेतले. ते दिवसातून तीन-चार वेळा करावे लागते. दुपारी आजी कूस बदलून अंग कोरडे करी. संध्याकाळी मुलगी डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे पायांची हालचाल करवी. मुलगा जुन्या ओढणीचा झोळणा पोटाखाली धरून त्याला बाहेर नेई. तिसऱ्या आठवड्यात शेरूने दोन झोकांडती पावले टाकली, तेव्हा आजीने डोळ्यांना पदर लावला.

प्रत्येक घरी असे होईलच असे नाही. वेदना गेलेल्या काही कुत्र्यांत मज्जारज्जू वरवर मरत जातो आणि प्राणी वाचत नाही. काहींना चाकांच्या गाडीवर उरलेले आयुष्य काढावे लागते, पण तीही आनंदाने जगतात.

आता शेरूच्या गळ्यात पट्टा नाही, छातीला हार्नेस आहे. वजन वाढू देत नाही, जिन्यावर उचलून नेतो.

मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे छोट्या प्राण्यांचे रुग्णालय २०२४ मध्ये सुरू झाले. कुठेही धावण्याआधी फोन करून विचारावे, "मणक्याची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आता आहेत का?" जवळच्या अशा दवाखान्याचा नंबर आजच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.