रात्री नाडी मंद पडते, आणि स्लीप अ‍ॅप्नियाही आहे?

होल्टरच्या रिपोर्टमध्ये ‘किमान ठोके मिनिटाला ३४’ असं दिसलं की घरात लगेच पेसमेकरची चर्चा सुरू होते. आधी त्या आकड्याशेजारची वेळ बघा. पहाटेचे तीन की दुपारचे बारा? यावर पुढचं बरंच काही ठरतं.

झोपेत नाडी थोडी मंदावणं स्वाभाविकच आहे. स्लीप अ‍ॅप्नियात त्यात भर पडते. घसा आतून मिटतो, छाती धडपडते पण हवा आत जात नाही आणि रक्तातला ऑक्सिजन उतरतो. पाण्यात बुडी मारल्यावर शरीर ठोके कमी करतं, तसंच इथे घडतं. व्हेगस नावाची नस हृदयाला आवर घालते. कधीकधी दोन ठोक्यांमध्ये काही सेकंदांचा खंडही पडतो. मग झोप चाळवते, श्वास सुरू होतो आणि ठोके एकदम वाढतात. यात हृदयाची स्वतःची यंत्रणा धडधाकट असू शकते.

म्हणूनच फक्त झोपेत दिसणाऱ्या मंद नाडीसाठी, इतर कारण नसेल तर, पेसमेकर बसवत नाहीत. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. आधी स्लीप स्टडी आणि सीपॅप. त्यानंतर होल्टर पुन्हा करायला सांगितलं, तर त्या रात्री मास्क लावूनच झोपा, नाहीतर तपासणी वाया जाते.

जागेपणीही नाडी ५०च्या खाली राहत असेल, चक्कर येत असेल, चालताना दम लागत असेल, तर सगळं घोरण्यावर ढकलू नका. ईसीजीत हार्ट ब्लॉक आहे का ते पाहावं लागतं. टीएसएच करावीच, कारण थायरॉईड मंद असेल तर नाडीही मंदावते आणि अ‍ॅप्नियाही बळावतो. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम या गोळ्यांनी ठोके कमी होतात. काचबिंदूच्या टिमोलॉल थेंबांनीसुद्धा! थेंबांना कोणी औषध धरतच नाही, म्हणून ती बाटलीही दाखवायला आणा. मात्र यातलं काहीही आपल्या मनाने बंद करू नका.

तपासणीला येताना रात्री त्याच खोलीत झोपणाऱ्या व्यक्तीला सोबत आणा. श्वास अडकतो ते रुग्णाला कळत नाही, त्यांना कळतं.

आणि शुद्ध हरपली असेल, तर होल्टरच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.